सवलत नको, कोर्ट चालू करा

एक छोटंसं गणित करून बघा, मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरे. २०२४ साली अमेरिकेने लेसोथोकडून २३.७३ कोटी डॉलरचा माल घेतला, बहुतेक जीन्स, टी-शर्ट असले कपडे आणि हिरे. लेसोथोला विकला फक्त २८ लाख डॉलरचा. वजाबाकी केली की अमेरिकेची तूट येते २३.४५ कोटी. तिला २३.७३ ने भागा, ०.९८८ येतात, म्हणजे धरा ९९ टक्के. आता समजा की हे ९९ टक्के म्हणजे लेसोथो अमेरिकन मालावर लावतो तो टॅक्स (का समजायचं ते विचारू नका), आणि मन मोठं करून आपण त्याच्या निम्माच लावायचा. आले ५० टक्के. २ एप्रिल २०२५ ला ट्रम्पसाहेबांनी व्हाईट हाऊसच्या बागेत देशोदेशीच्या मालावर जे आयातकर जाहीर केले त्यातला सगळ्यात मोठा आकडा असा निघालाय. नंतर त्यांच्या ऑफिसने जो फॉर्म्युला छापला त्यात दोन ग्रीक अक्षरं होती, एकाची किंमत ४ आणि दुसऱ्याची ०.२५, म्हणजे गुणाकार १, म्हणजे ती अक्षरं नुसती शोभेला.

लेसोथो हा चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला जेमतेम २३ लाख लोकांचा देश. तिथे कपड्यांचे कारखाने आले तेच मुळात अमेरिकेने २००० साली आफ्रिकेसाठी एक कायदा करून ‘तुम्ही शिवा, आम्ही ड्युटी न लावता घेऊ’ असं सांगितलं म्हणून. मग एका सकाळी तोच गिऱ्हाईक म्हणतो की तुम्ही आम्हाला लुटताय. ऑर्डरी थांबल्या, जुलै २०२५ मध्ये तिथल्या सरकारला बेरोजगारीपायी राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली, आणि ऑगस्टपासून जाहीर केलेल्या ५० च्या जागी १५ टक्के लागले. मर्जी फिरली तेव्हा ५० झाले आणि परत फिरली तेव्हा १५, मध्ये ना कुठली सुनावणी ना कुठला निकाल.

माझा प्रश्न साधा आहे. लेसोथोने दाद मागायची कुठे?

कागदावर उत्तर आहे. जीनिव्हात डब्ल्यूटीओ नावाची जागतिक व्यापाराचे नियम सांभाळणारी संघटना आहे, तिचे १६६ सदस्य आहेत, लेसोथो आहे, अमेरिका पण आहे, आणि तिचा पहिला नियमच असा की एका सदस्याला जो दर लावाल तोच सगळ्यांना लावायचा आणि जी कमाल मर्यादा लिहून दिलीय तिच्यावर जायचं नाही. लेसोथोचे ५० टक्के या दोन्ही नियमांत कुठेच बसत नाहीत. पण केस टाकली, जिंकली, अमेरिकेने अपील केलं, तर ते अपील ऐकायला माणूसच नाही. अपिलेट बॉडी म्हणजे या व्यवस्थेचं वरचं कोर्ट, ते ११ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलंय.

आता इथे गंमत अशी आहे की याच डब्ल्यूटीओला आपण, म्हणजे विकसनशील देशांच्या बाजूने बोलणारे सगळे, तीस वर्षं शिव्या घालत आलोय. मी पण घातल्यात आणि आजही त्यातली एकही मागे घेणार नाही, कारण त्या खऱ्याच होत्या. १९४७ ला गॅट करारावर (डब्ल्यूटीओच्या आधी जागतिक व्यापार याच करारावर चालायचा) २३ देशांनी सह्या केल्या, त्यात भारत, पाकिस्तान, बर्मा, सिलोन, ब्राझील, चिली, क्युबा हे सगळे होते, म्हणजे गरीब देश नंतर उपरे म्हणून आले हे खोटंय, ते पहिल्या दिवसापासून टेबलावर होते. पण १९५५ मध्ये अमेरिकेने शेतीसाठी स्वतःला नियमातून सूट मिळवली आणि शेती जवळपास चाळीस वर्षं नियमांच्या बाहेरच राहिली. मग १९६१ पासून कापड. गरीब देशाला कारखाना टाकायचा तर पहिला कारखाना बहुतेक वेळा सूत-कापडाचाच असतो, आणि नेमक्या त्याच मालावर श्रीमंत देशांनी ‘तात्पुरता’ म्हणून कोटा बसवला. तो तात्पुरता कोटा २००४ च्या ३१ डिसेंबरला संपला, त्रेचाळीस वर्षांनी. आणि तो संपवायचा करार झाला तोसुद्धा कसा, तर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने उठवू, पण ४९ टक्के माल शेवटच्या दिवसापर्यंत राखून ठेवू, आणि पहिल्या टप्प्यात ‘उठवले’ म्हणून जे आयटम दाखवले त्यातल्या बहुतेकांवर मुळात कोटा नव्हताच. त्या बदल्यात गरीब देशांनी पेटंटचा अख्खा कायदा मान्य केला, जो सक्तीचा होता, लागू करायला थोडी मुदत मिळाली एवढंच. त्यांचं देणं उधारीवर आणि आपलं जवळपास रोखीत.

तर हे सगळं मान्य. पण यातून जो निष्कर्ष आपण काढला तो मला आता चुकीचा वाटतो. आपण म्हणालो नियम अन्यायकारक आहेत, म्हणून आम्हाला नियमांतून सूट द्या, सवलत द्या, आमच्याशी ‘विशेष आणि वेगळी’ वागणूक ठेवा. साठ वर्षं सगळी ताकद आपण या सवलतींच्या मागे लावली. हाताला काय लागलं ते बघा.

१९६४ ला अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राऊल प्रेबिश यांच्या पुढाकाराने अंकटाड ही संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकासाची संस्था उभी राहिली, त्यातून विकसनशील देशांचा जी-७७ गट झाला, दबाव आला आणि १९६५ मध्ये गॅटमध्ये विकासावरचा एक नवा भाग घातला गेला. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आवरेना. विकसित देश आपली वचनं ‘शक्य तितकी’ पाळतील, आणि शक्य तितकी म्हणजे काय तर जिथे सक्तीची कारणं, ज्यात कायदेशीर कारणंही आली, ते अशक्य करत नाहीत तिथे. म्हणजे आम्ही एक कायदा केला की आमची अडचण झाली, आणि अडचण झाली की वचन संपलं. ज्याने कुणी हे वाक्य लिहिलं त्याला मानलं पाहिजे. आज डब्ल्यूटीओच्या करारांमध्ये विकसनशील देशांसाठी अशी दीडशेहून जास्त कलमं आहेत आणि त्यातल्या कितीतरींची भाषा हीच आहे, गरजा लक्षात घ्याव्यात, सहानुभूतीने विचार करावा, मदत करण्याचा प्रयत्न करावा. असल्या कलमावर कोर्टात उभं राहून दाखवा. समोरचा म्हणेल, हो केला की विचार, सहानुभूतीने केला.

आणि जी सवलत खरोखर हातात पडते ती देणाऱ्याच्या मर्जीची. कमी ड्युटीने माल घ्यायच्या योजना हा करार नसतोच मुळी, ते दान असतं, आज आहे उद्या नाही. भारताचं नाव ५ जून २०१९ ला अमेरिकेच्या अशा यादीतून काढलं, एका सहीने. लेसोथोचं तर वर सांगितलंच. कधीकधी वाटतं की या योजनांचं सगळ्यात मोठं नुकसान हेच की त्यांच्यामुळे गरीब देशाचं तोंड बंद राहतं, ज्याच्या मेहेरबानीवर कारखाना चालतो त्याच्यावर केस कोण टाकणार.

औषधांचा किस्सा बघा. २००१ ला दोहातल्या डब्ल्यूटीओच्या मंत्री परिषदेत मोठ्या घोषणा झाल्या की पेटंटपेक्षा लोकांचा जीव महत्त्वाचा, मग प्रश्न आला की ज्या देशात औषधाचा कारखानाच नाही त्याने काय करायचं, तर ३० ऑगस्ट २००३ ला एक खास सवलत काढली की दुसऱ्या देशाने त्याच्यासाठी पेटंटवालं औषध बनवून पाठवायला हरकत नाही. छान. रवांडाने २००७ च्या जुलैत कळवलं की आम्हाला एचआयव्हीची गोळी हवीय, कॅनडाच्या एका कंपनीने तयारी दाखवली, आणि पहिली खेप निघाली सप्टेंबर २००८ मध्ये. अटींवर अटी, वेगळं पॅकिंग, वेगळं लायसन्स. त्यानंतर ती वाट कुणी पूर्ण चाललंच नाही. आणि एवढं होऊनसुद्धा ती सवलत २०१७ मध्ये करारात कायमची दुरुस्ती म्हणून समारंभपूर्वक दाखल झाली, जणू काही फार मोठं घडलं.

धान्यसाठ्याचंही तेच भिजत घोंगडं. सरकारने ठरवलेल्या भावाने धान्य विकत घेऊन साठा केला तर किती ‘सबसिडी’ दिली हे मोजायचं १९८६-८८ च्या किमतींशी तुलना करून, आणि ती त्या पिकाच्या एकूण उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. म्हणजे चाळीस वर्षांची महागाई पण सबसिडीत धरायची! यावर २०१३ मध्ये बालीतल्या मंत्री परिषदेत काय मिळालं, तर नियम बदलून नाही मिळाला, ‘पीस क्लॉज’ मिळाला, म्हणजे तुम्ही नियम मोडताय पण आम्ही सध्या तक्रार करणार नाही, कायमचा तोडगा २०१७ पर्यंत काढू. तो अजून निघतोय. भारताने नंतर तांदळासाठी हा क्लॉज वापरला आणि दर वेळी त्यावर प्रश्नांची सरबत्ती होते. सवलतीवर जगणाऱ्याला दर वर्षी अशी सफाई द्यावी लागते.

१९९५ साली खरा बदल झाला तो वेगळाच, आणि त्याच्याकडे आपलं फारसं लक्ष गेलं नाही. गॅटच्या काळात केस हरलेला देशच निकाल अडवू शकायचा, कारण सगळ्यांची सहमती लागायची आणि सगळ्यांत तो पण आला. डब्ल्यूटीओमध्ये हे उलटं केलं, आता निकाल रोखायला सगळ्यांची सहमती लागते, जिंकणाऱ्यासकट. एवढ्या एका उलट्या वाक्याने लहान देशाच्या हातात पहिल्यांदा काहीतरी आलं.

कोस्टा रिकाने लगेच वापरून बघितलं. अमेरिकेने त्यांच्या अंडरवेअरवर कोटा बसवला होता (हो, जागतिक व्यापाराचे मोठमोठे कायदे अंडरवेअरवरून ठरलेत), कोस्टा रिकाने केस टाकली आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये वरच्या कोर्टातसुद्धा जिंकली.

पण मला सगळ्यात आवडते ती पेरूच्या सार्डिनची केस. युरोपियन युनियनचा नियम होता की डब्यावर ‘सार्डिन’ लिहायचं असेल तर आत एकाच जातीचा मासा हवा, जो प्रामुख्याने युरोपच्या आसपासच्या समुद्रात मिळतो. पेरूचा मासा दिसायला वागायला तसाच पण जात वेगळी, पॅसिफिकमधला, त्यामुळे त्याला ते नाव लावायला बंदी. आता नाव नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही, अनोळखी नावाचा डबा कोण उचलणार. आंतरराष्ट्रीय खाद्य मानकांत मात्र स्पष्ट लिहिलं होतं की अशा जातींना पुढे देशाचं किंवा समुद्राचं नाव जोडून सार्डिन म्हणता येईल. पेरूने एवढंच म्हटलं की तुम्ही स्वतः मानलेल्या मानकाप्रमाणे वागा. सप्टेंबर २००२ मध्ये पेरू जिंकला आणि पुढच्या वर्षी युरोपने नियम बदलला. या केसमध्ये पेरूला मदत केली ती जीनिव्हातल्या एका सल्ला केंद्राने, जे २००१ मध्ये खास गरीब देशांना कमी फीमध्ये वकील मिळावेत म्हणून सुरू झालं. पेरूने कुठलीही विशेष वागणूक मागितली नव्हती. सगळ्यांना लागू असलेला नियम मागितला होता.

आता तुम्ही म्हणाल की गोड गोष्टी सांगून झाल्या, कडू पण सांगा. सांगतो.

अँटिग्वा आणि बार्बुडा, लोकसंख्या एक लाखाच्या आसपास. पर्यटनावर सगळं अवलंबून नको म्हणून त्यांनी ऑनलाइन जुगाराच्या कंपन्या उभ्या केल्या, अमेरिकेने त्यांना आपल्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचायला बंदी केली, पण घरच्या घोड्यांच्या शर्यतीवर ऑनलाइन पैसे लावायची वाट आपल्या लोकांना मोकळी ठेवली. २००३ ला केस, २००५ ला अँटिग्वाच्या बाजूने निकाल. अमेरिकेने काहीच केलं नाही. मग नुकसान किती यावर भांडण, अँटिग्वा म्हणे वर्षाला ३४४ कोटी डॉलर, अमेरिका म्हणे ५ लाख डॉलर, लवादाने २००७ ला ठरवलं २.१ कोटी. पण हे पैसे अमेरिका देणार नाही बरं का. डब्ल्यूटीओचा कायदा असा की हरलेला ऐकत नसेल तर जिंकलेल्याने तेवढ्या रकमेचा बदला घ्यावा, म्हणजे त्याच्या मालावर ड्युटी वाढवावी. आता अँटिग्वाची जवळपास निम्मी आयात अमेरिकेतून, तिच्यावर ड्युटी लावली तर महागाई कुणाला, अँटिग्वालाच, अमेरिकेला कळणार पण नाही. मग परवानगी मिळाली अमेरिकन कॉपीराइट-पेटंट तेवढ्या रकमेपुरते न पाळायची. तीसुद्धा त्यांनी आजतागायत वापरलेली नाही, शेजारी बसलेल्या हत्तीला टाचणी टोचायचं धाडस कोण करणार. निकाल खिशात आहे, पैसे नाहीत.

आणि दुसरी कापसाची, ही जास्त बोचते. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले चार गरीब देश, लाखो कुटुंबं कापसावर जगणारी. अमेरिकेत कापूस पिकवणारे सुमारे २५ हजार शेतकरी, पण त्यांना इतकी सबसिडी की भाव पडला तरी पेरा कमी होत नाही, उलट तो माल जगात ओतला जातो आणि भाव आणखी पडतो. २००३ मध्ये या चौघांनी डब्ल्यूटीओसमोर मांडलं की बाकी काही सवलत नको, ही सबसिडी बंद करा, आणि ती बंद होईपर्यंत आमचं नुकसान भरून द्या. मेक्सिकोतल्या कान्कुनच्या मंत्री परिषदेत मसुदा आला त्यात काय लिहिलं होतं माहितीय? सबसिडी बंद करू असं नाही, तर या देशांनी कापूस सोडून दुसरे उद्योग शोधावेत यासाठी त्यांना मदत करावी असं. आगीत घर जळतंय म्हणून बोंब मारली तर दुसरीकडे राहायला जा असा सल्ला. परिषद तिथेच फिसकटली, इतर कारणं पण होती, पण त्या मसुद्याने लोकांची डोकी फिरली होती.

त्याच कापसावर ब्राझीलने मात्र २००२ मध्येच केस टाकलेली होती. ब्राझीलकडे पैसा होता, वकील होते, आणि केस रेटायला अर्थतज्ज्ञ होते. बेनिन आणि चाड त्या केसमध्ये तिसरा पक्ष म्हणून बसले होते. ब्राझील २००४ ला जिंकला, २००५ ला अपिलात जिंकला, २००८ ला ‘अजून सुधारलं नाही’ याचीही केस जिंकला, आणि २००९ ला बदला घ्यायची परवानगी मिळाली. ब्राझीलने अमेरिकन मालाची यादीच छापली, वर पेटंटलाही हात घालू म्हणाला, आणि तेव्हा कुठे अमेरिका हलली. हलली म्हणजे काय केलं तर सबसिडी चालू ठेवली आणि २०१० पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेला वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायला लागली! म्हणजे अमेरिकन करदाता स्वतःच्या शेतकऱ्याला पण पोसतोय आणि ब्राझीलच्या शेतकऱ्याला पण. २०१४ मध्ये शेवटचे ३० कोटी देऊन प्रकरण मिटवलं. बेनिन आणि चाडला त्यातला एक डॉलर नाही. सबसिडीचा फटका ज्यांनी सगळ्यात जास्त सोसला त्यांच्याकडे धमकी द्यायला काही नव्हतं, म्हणून त्यांचा हिशेबच झाला नाही.

माझा एक मित्र या दोन केसेस पुढे करून म्हणतो, बघ, कोर्ट असो नसो, बळी तो कान पिळी, मग ते बंद पडलं तर तुला एवढं काय. मला वाटतं तो अर्धा बरोबर आहे. निकाल लागण्यात गरिबाला फारशी अडचण आली नाही, अडचण आली निकाल वसूल करण्यात. म्हणजे दुरुस्ती तिथे हवी. आणि ही दुरुस्ती काही मला आत्ता सुचलेली नाही. १९६५ मध्येच ब्राझील आणि उरुग्वेने सांगितलं होतं की लहान देश जिंकला तर त्याला रोख भरपाई द्या, आणि हरलेला ऐकत नसेल तर सगळ्यांनी मिळून बदला घ्या. पुढे २००२ मध्ये मेक्सिकोने म्हटलं की बदला घ्यायचा हक्क विकता आला पाहिजे, म्हणजे अँटिग्वाने आपला २.१ कोटींचा हक्क एखाद्या मोठ्या देशाला विकावा आणि पैसे मोकळे करून घ्यावेत. मला ही कल्पना जाम आवडते, हत्तीला टाचणी टोचायचं काम दुसऱ्या हत्तीला आउटसोर्स. पण या प्रस्तावांमागे विकसनशील देशांनी कधी एकत्र ताकद लावली? नाही लावली. ताकद सगळी ‘आम्हाला अमुक वर्षं जास्त मुदत द्या’ यात गेली.

मित्राचा दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तो म्हणतो इंडोनेशिया बघ. इंडोनेशियाने २०२० पासून कच्चं निकेल बाहेर पाठवायला बंदी केली, ज्याला हवंय त्याने इथे येऊन कारखाना टाका म्हणाले, आणि कारखाने आले पण. युरोपने केस टाकली, नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी इंडोनेशिया हरला, आणि डिसेंबरमध्ये त्याने अपील केलं, रिकाम्या कोर्टात, जिथे ते कायमचं पडून राहणार. धोरण चालू राहिलं. मग कोर्ट बंद असण्याचा फायदा गरीब देशालाच झाला ना? भारतानेही साखरेच्या सबसिडीवर ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला यांच्याविरुद्ध केस हरल्यावर हेच केलं.

झाला फायदा, नाकारत नाही. कच्चा माल देशातच वापरून कारखाने वाढवायची मोकळीक गरीब देशाला असायला हवी असं मलाही वाटतं, श्रीमंत देशांनी श्रीमंत होताना हेच सगळं केलंय. पण मग ती मोकळीक नियमात लिहून घ्या, कारण रिकाम्या कोर्टाची पळवाट सगळ्यात आधी कुणी वापरली ते विसरू नका. कोर्ट बंद पडून आठवडा झाला होता, १८ डिसेंबर २०१९, अमेरिकेने स्टीलच्या केसमध्ये अपील टाकलं, आणि समोर होता भारत. म्हणजे भारताचीच केस त्या विहिरीत पहिली पडली. ज्याच्याकडे निकेलची खाण आहे तो कायदा नसलेल्या जगात निभावून नेईल. लेसोथोकडे काय आहे? शिलाई मशीन.

शिवाय ‘आपण गरीब देश’ ही टोळी तरी एक आहे का हा प्रश्न आहेच. डब्ल्यूटीओमध्ये विकसनशील कोण हे ज्याचं त्याने ठरवायचं, त्यामुळे चीन आणि चाड एकाच बाकावर. अतिगरीब देशांची यादी मात्र संयुक्त राष्ट्रं ठरवतात, आणि त्या यादीतल्या एकाच देशाने डब्ल्यूटीओमध्ये स्वतः केस टाकली, बांगलादेशने, २००४ मध्ये, बॅटऱ्यांवरच्या अँटी-डम्पिंग ड्युटीवरून (बाहेरचा माल फार स्वस्तात ओतला जातोय म्हणून लावतात ती जादा ड्युटी). कुणाविरुद्ध? भारताविरुद्ध. भारताने ड्युटी काढली आणि प्रकरण सामोपचाराने मिटलं, म्हणजे कोर्टाने काम केलं. पण मोठा भाऊ म्हणवणाऱ्याविरुद्धसुद्धा धाकट्याला शेवटी कोर्टातच जावं लागलं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. विकसनशील या बिल्ल्यावरून होणारी भांडणं तर आता विटलीयत. ब्राझील आणि दक्षिण कोरियाने २०१९ मध्येच सांगितलं की पुढच्या वाटाघाटींत आम्ही नव्या सवलती मागणार नाही, सप्टेंबर २०२५ मध्ये चीनही तेच म्हणाला. त्या बिल्ल्याला आता किंमत किती उरलीय ते यावरून कळतं. आणि सहमतीच्या नियमाचा दुसरा चेहरा पण बघा, गुंतवणूक सोपी करण्याचा एक करार १२० पेक्षा जास्त देशांना हवाय, त्यात बहुसंख्य विकसनशील, आणि तो अबुधाबीत २०२४ ला अडवणाऱ्यांत भारत होता. भारताचं म्हणणं की थोड्यांनी मिळून केलेले करार असे मागच्या दाराने आणू नयेत, त्यात तथ्य आहे, पण एकट्याने सगळ्यांची गाडी अडवायची सोय म्हणजे नेमकं तेच हत्यार, ज्याने अमेरिकेने कोर्ट बंद पाडलं. तिथे न्यायाधीश नेमायला सगळ्यांची सहमती लागते आणि अमेरिका दर वेळी नाही म्हणते, बस एवढंच, त्यासाठी काही करारातून बाहेर पडावं लागलं नाही.

अमेरिकेचे आक्षेप सगळेच खोटे आहेत असंही नाही, निकाल ९० दिवसांत यायला हवा तो येत नव्हता, कोर्ट करारात नसलेलं वाचतंय असं बऱ्याच जणांना वाटायचं. पण डॉक्टर आवडत नाही म्हणून दवाखान्याला कुलूप लावत नाहीत.

मग करायचं काय? एक गोष्ट तर आत्ताही हातात आहे. २०२० मध्ये काही देशांनी मिळून तात्पुरती अपील व्यवस्था उभी केली, आपसातल्या केसेससाठी, अमेरिकेविना. युरोपियन युनियन, चीन, ब्राझील, कॅनडा, नंतर जपान, अलीकडे फिलिपिन्स, मलेशिया, ब्रिटन असे एकेक आत आले. तिचा पहिला निकाल २०२२ च्या डिसेंबरमध्ये लागला, युरोपच्या फ्रोझन फ्राइजवर कोलंबियाने लावलेल्या ड्युटीबद्दल, आणि त्यात कोलंबियाचं बरंचसं चुकलं असं ठरलं. हा निकाल काही गरिबांच्या बाजूचा नव्हता, पण कोलंबियाने अपील विहिरीत ढकललं नाही, ते तिथे जाऊन भांडले.

अमेरिका त्यात नाही म्हणून लेसोथोवरचा अमेरिकेचा कर त्याने कमी होणार नाही हे मला कळतं. पण जगाचा बराचसा व्यापार अमेरिकेच्या बाहेरही होतो, उद्या युरोपचा कार्बन टॅक्स (बाहेरून येणारा माल बनवताना किती कार्बन हवेत सोडला त्यावरचा), जो १ जानेवारी २०२६ पासूनच्या मालावर खरोखर लागू झालाय, तो स्टील-ॲल्युमिनियमवर कसा लावायचा याचं भांडण होणारच आहे, आणि ते मोझांबिकसारख्या ॲल्युमिनियम विकणाऱ्या देशाला ब्रुसेल्समध्ये विनवण्या करून सोडवायचंय की कोर्टात हे आत्ताच ठरतंय. त्या तात्पुरत्या व्यवस्थेची यादी मी मुद्दाम उघडून बघितली. कोस्टा रिका आहे, अंडरवेअरवाला. पेरू आहे, सार्डिनवाला. पाकिस्तान आहे. कापसाच्या केसमध्ये मागच्या बाकावर बसून एक डॉलर न मिळालेला बेनिन पण आहे. इंडोनेशिया नाही, दक्षिण आफ्रिका नाही, आणि ज्याची केस त्या विहिरीत सगळ्यात आधी पडली तो भारतही नाही.